पुडी चालू केली आणि इन्सुलिन उतरलं, मग बंदच करू या का?

टाइप १ डायबेटिस असलेल्या मुलांचे आईवडील मला दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘व्हिटॅमिन डी कमी होतं म्हणूनच पोरीला शुगर झाली का?’ हा पहिला. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, ‘मग डी भरून काढलं तर इन्सुलिन सुटेल का?’ पहिल्यात अपराधीपणा असतो, दुसऱ्यात आशा. मला धास्ती दुसऱ्याची वाटते. का, ते सावीच्या घरच्यांवरून सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सावी नऊ वर्षांची, वजन २७ किलो. वडिलांचं सोलापुरात हार्डवेअरचं दुकान, आई शाळेत शिक्षिका. सारखी तहान, रात्रीत चार-पाचदा लघवीला उठणं, मग उलट्या आणि थेट आयसीयू, असं निदान झालेलं. घरी पाठवताना दिवसाला २४ युनिट इन्सुलिन होतं. तपासण्यांत व्हिटॅमिन डी ११ आलं, म्हणून डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा दुधातून द्यायला सांगितली होती.

दोन महिन्यांनी सगळे आले तेव्हा डोस ९ युनिटवर आला होता आणि वडिलांचा चेहरा फुलला होता. “मॅडम, पुडीनं काम केलं. आता आठवड्यातून दोनदा देतो, म्हणजे दिवाळीपर्यंत सुई सुटेल. गटावर एकानं लिहिलंय, त्याच्या भाच्याची सुटली.” आई गप्प होती. आजींनी मात्र विषय काढलाच, “हिनं पोरीला उन्हात जाऊच दिलं नाही. काळी पडेल म्हणे.”

वडिलांना मी थेट ‘नाही’ म्हटलं नाही. दुकानदार माणूस, वहीवर विश्वास ठेवणारा. त्यांचीच शुगरची वही उघडली आणि म्हटलं, डोस पहिल्यांदा कधी कमी केला ते शोधा. घरी गेल्यापासून तिसऱ्या आठवड्यात जेवणाआधी शुगर ६५, ६८ अशी फार कमी यायला लागली होती आणि डॉक्टरांनी फोनवर डोस उतरवला होता. पहिली पुडी कधी दिली? औषधाच्या दुकानातलं बिल वहीतच खोचलेलं होतं. पाचव्या आठवड्यातलं. पुडी पोटात जायच्या आधीच उतार सुरू झाला होता.

याला डॉक्टर ‘हनीमून’ म्हणतात. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. निदान होतं तेव्हा बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, पण काही शिल्लक असतात. चढलेल्या साखरेनं त्याही दबून गेलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांना उसंत मिळते आणि त्या पुन्हा थोडं काम करू लागतात. काही आठवड्यांत डोस निम्म्याहून खाली येऊ शकतो. हे काही महिने टिकतं, क्वचित वर्षभराच्या पुढेही. मग संपतं. या काळात घरात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं: कारल्याचा रस, कुठल्याशा वैद्याची पावडर, नवस, नाहीतर ही पुडी. भाच्याची गोष्ट खोटी नसेलही. ती अर्धी आहे, एवढंच. गटावर ‘सुटली’ लिहिणारा सहा महिन्यांनी परत येऊन पुढचं लिहीत नाही.

वडिलांना मी आणखी एक सांगितलं. माणसाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं ते टोरांटोत, १९२२च्या जानेवारीत, लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. त्याआधी या आजाराची मुलं उन्हात असोत की सावलीत, सहसा काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं जगायची. आजही इन्सुलिन बंद केलं तर उलट्या, पोटदुखी, धाप आणि पुन्हा आयसीयू हाच रस्ता आहे. हनीमूनमध्येसुद्धा. डोस कितीही कमी झाला तरी तो डॉक्टर ठरवतात, घरची बैठक नाही.

आणि पुडी दुप्पट करणं? जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. त्याची लक्षणं म्हणजे मळमळ, बद्धकोष्ठ, खूप तहान, वारंवार लघवी. शेवटची दोन वाचा. आईवडील मीटर घेऊन धावतील, शुगर ठीक येईल आणि कारण लक्षात येणार नाही. आठवड्याची पुडी गैरसमजानं रोज दिल्याची उदाहरणं आपल्याकडे नवी नाहीत. म्हणून मी पुडीची तारीख शुगरच्या वहीतच लिहायला लावते.

आता आई. त्यांना मी आजींच्या समोरच उत्तर दिलं, मुद्दाम. २०१६ ते १८ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या २४ टक्के मुलांत डी कमी आढळलं, ५ ते ९ वयात १८ टक्के. म्हणजे सावीच्या वर्गातही अशी काही मुलं असणारच, पण त्यांना टाइप १ झालेला नाही. पेशींवरचा हल्ला लक्षणांच्या कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं आधी सुरू होतो. शिवाय किटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचलेलं असताना, तपासलेलं डी कमी दिसू शकतं, त्यामुळे तो आकडा आईच्या वागण्याचा दाखला म्हणून वापरणं चूकच. फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात, पहिल्या वर्षी नियमित डी मिळालेल्यांत हा आजार कमी दिसला होता, हे खरं. संशोधक म्हणूनच त्याच्या मागे आहेत. पण असा संबंध दिसणं म्हणजे कारण सापडणं नव्हे, आणि झालेला आजार त्यानं मागे फिरल्याचं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

मग पुडी द्यायची कशाला, हा वडिलांचा प्रश्न रास्त होता. हाडांसाठी. टाइप १ असलेल्यांत पुढे हाडं मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि हाडांची पुंजी बहुतेक याच वयात जमते. डीमुळे शुगर सुधारते का, याचे छोटे अभ्यास झालेत. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत नाही. तेवढ्यावर मी कुणाला आशा दाखवत नाही. आकड्याचंही एक आहे. लॅबच्या कागदावर अनेकदा ३०च्या खालचं सगळं लाल करून येतं, पण मुलांत २०च्या वर पुरेसं मानतात आणि १२च्या खाली कमतरता. २४ आलं म्हणून रडत आलेल्या आया मी पाहिल्यात.

उन्हाबद्दल आजींना कामाला लावलं. कोवळ्या उन्हात बसवलं की झालं, असा समज आहे, पण डी तयार करणारे किरण त्या वेळी फार थोडे असतात, आणि काचेतून तर येतच नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, ते ऊन उपयोगी. सोलापूरच्या मे महिन्यात मात्र कुणाला बाराला अंगणात उभं करू नका, हेही सांगावं लागलं. शाळेत मधल्या सुट्टीतला खेळ पुरतो. खिशात ग्लुकोजची पूड हवी, कारण खेळल्यावर शुगर उतरते. इन्सुलिनचं पेन मात्र उन्हात न्यायचं नाही. फ्रिज नसेल तिथे मडक्यात ठेवायचं.

कॅल्शियमसाठी आजींनी नाचणी सुचवली, ती उत्तमच. १०० ग्रॅममध्ये साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम. पण ‘नाचणी शुगरला चालते’ म्हणून न मोजता वाडगाभर द्यायची नाही. त्याच १०० ग्रॅममध्ये ६५ ग्रॅमच्या पुढे कार्बोहायड्रेट आहेत. दुधाच्या पेल्यातही १० ग्रॅमच्या आसपास असतात, तेही धरायचे.

तीन महिन्यांनी डी २७ आलं. वाढलं नसतं, किंवा उंची थांबली असती, लोह कमी आलं असतं, तर डॉक्टरांनी सीलिअॅकची तपासणी पुन्हा केली असती. गव्हातल्या ग्लुटेनचा हा त्रास टाइप १ असलेल्या मुलांत जास्त आढळतो आणि त्यात आतडं डीच नीट शोषत नाही.

पुढच्या पावसाळ्यात सावीला ताप आला, मग शुगर चढू लागली आणि ताप गेल्यावरही उतरेना. वडिलांचा फोन आला, “मॅडम, हनीमून संपला का?” म्हटलं, संपत आलाय असं दिसतंय. डॉक्टर डोस वाढवतील, उद्या सकाळी वही घेऊन या.