वाचकांचे प्रश्न : गोदेतले लांबट शिंपले

प्रश्न : नांदूर मध्यमेश्वरच्या वरच्या अंगाला पाणी ओसरल्यावर गाळात बोटभर लांब, अरुंद शिंपले दिसले. गोड्या पाण्यातला रेझर क्लॅम म्हणतात तो हाच का? (निफाड तालुका)

उत्तर : नाही, आणि हे फोटो न पाहताही सांगता येते. गोड्या पाण्यातला रेझर क्लॅम, म्हणजे वस्तऱ्यासारखा लांब-अरुंद शिंपला, तो नोवाक्युलिना या कुळातला. भारतातल्या नोवाक्युलिना गँजेटिकाचे वर्णन बेन्सन यांनी १८३० मध्ये केले. ती प्रामुख्याने गंगेच्या मुखाकडच्या भागात राहते. तिच्या भाऊबंद जाती चीन आणि थायलंडमध्ये आहेत. म्यानमारमधली तर २०१८ मध्ये नोंदली गेली. हे घराणे मूळचे समुद्रातले, त्यामुळे नदीत शिरले ते मुखाकडूनच. काठाच्या मऊ, चिकट गाळात उभे बीळ करायचे आणि पाणी घेण्या-सोडण्याच्या दोन नळ्या तेवढ्या वर ठेवायच्या, ही त्यांची राहणी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. इथे भरती नाही आणि पात्राचा तळ बराचसा बेसाल्टचा कातळ आणि गोटे. नांदूर मध्यमेश्वरला गाळ मुबलक आहे खरा, पण तो बंधाऱ्याने अडवलेला. नुसत्या गाळाने भागत नाही.

तुमचे शिंपले बहुधा लॅमेलिडेन्स या गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या शिंपल्याचे असावेत. खात्रीसाठी रिकामा शिंपला उजेडात धरा. आतून मोत्यासारखी चमक दिसली तर तो रेझर क्लॅम नव्हे. त्याची आतली बाजू साधी पांढरी असते. मग दोन्ही झडपा जुळवा. लॅमेलिडेन्सच्या झडपा जवळजवळ घट्ट मिटतात, रेझर क्लॅमच्या दोन्ही टोकांना फट राहते. छोटा, तिकोनी, बाहेरून समांतर कंगोऱ्यांचा शिंपला मिळाला तर तो कॉर्बिक्युला.

नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे. रिकामे शिंपलेसुद्धा उचलून घरी नेऊ नका, फोटो पुरेसा आहे.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या मुलांना दारणा नदीत जिवंत शिंपले मोजायचे आहेत. इजा न करता कसे मोजावेत?

उत्तर : डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, पाणी उथळ आणि नितळ असताना जा. धरणातून आवर्तन, म्हणजे सिंचनाचे पाणी, सुटण्याची तारीख आधी विचारून घ्या. पाणी अचानक चढते. ५० सेंमी बाजूची चौकट तळावर ठेवा आणि आतला गाळ बोटांनी चाचपा, फावडे नको. साधारण १० सेंमी खोलीपर्यंत चाचपले की बहुतेक मोठे शिंपले हाताला लागतात, बारकी पिल्ले मात्र निसटतात. एका ठिकाणी निदान दहा चौकटी घ्या आणि त्या वाळू, गाळ, गोटे अशा वेगवेगळ्या तळांवर पसरवा. जिवंत शिंपले, बिजागरीने जोडलेल्या रिकाम्या जोड्या आणि सुट्या झडपा वेगळ्या मोजा. जोड्या खूप असतील तर मर अलीकडची आहे. आवर्तन एकदम बंद झाल्यावर काठाशी उघडे पडलेले शिंपले असेच मरतात.

परत ठेवताना चूक होते ती इथे. शिंपला पाण्यात नुसता टाकू नका. पाय बाहेर येतो ते टोक खाली, नळ्यांचे टोक वर, असा अर्धा गाळात खोचा. बंद झडपा उचकटून बघण्याचा मोह टाळा. आतला स्नायू फाटला की तो मेलाच.

एकही पिल्लू दिसले नाही तर माशांकडे बघा. लॅमेलिडेन्सच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. कोल्हापुरी बंधाऱ्यांनी माशांची वाट अडली की वरच्या बाजूला म्हातारे शिंपले उरतात, नवे येत नाहीत. तळावर काँक्रीट असेल, जसे रामकुंड परिसरात आहे, तर खोचून बसायला जागाच नसते.

प्रश्न : द्राक्षबागेच्या शेततळ्यातले हिरवे पाणी निवळायला शिंपले सोडले तर? (दिंडोरी)

उत्तर : शेवाळ थोडे कमी होईल, पण ठिबकच्या फिल्टरची सुट्टी होणार नाही. प्लास्टिकच्या अस्तरावर शिंपले नीट बसत नाहीत. मोती संवर्धनात करतात तसे नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत दोन-दोन ठेवून बांबूला साधारण १ मीटर खोलीवर टांगावेत. दर दोन-तीन दिवसांनी पिशव्या तपासा. स्पर्श करूनही मिटत नाही तो मेलेला. तो लगेच काढला नाही तर सडून पाण्यात अमोनिया वाढतो आणि बाकीचेही जातात. एप्रिल-मेमध्ये तळे उतरते तशा पिशव्या खाली सरकवा. शिंपले संवर्धन केंद्रातून घ्या, नदीतून उपसू नका.

खरा धोका तुमच्या फवारणी यंत्रात आहे. एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), सोबत चुना. द्राक्षावरच्या केवडा (डाउनी) रोगावर ते चालते, पण त्यातले तांबे फार थोडे विरघळले तरी शिंपल्यांना मारक ठरते. टाकी शेततळ्यावर किंवा ओढ्यावर धुऊ नका. धुतलेले पाणी बागेतच, पाण्यापासून लांब, जमिनीवर सोडा. शेवाळासाठी तळ्यात मोरचूद टाकायची सवय असेल, तर शिंपल्यांचा विचार सोडून द्या.

प्रश्न : शहराच्या खालच्या अंगाचे शिंपले उकळून खाल्ले तर चालतील? (नाशिक रोड)

उत्तर : नाही. शिंपला दिवसभर पाणी गाळतो आणि सांडपाण्यातले जंतू व जड धातू अंगात साठवतो. उकळल्याने जंतू मरतील, धातू तसेच राहतील.