‘आनंद करा’ हे मराठी आहे का?

प्रश्न असा आला आहे : एका शुभेच्छापत्रावर ‘प्रभुमध्ये सर्वदा आनंद करा’ असं वचन होतं. मराठीत आनंद होतो किंवा वाटतो. तो ‘करा’ कसं म्हणणार? हे भाषांतर फसलंय का? आणि सांगून कुणाला आनंद होतो का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. ‘मला आनंद झाला’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. आनंद आला आणि मला झाला, जसा ताप येतो, राग येतो, कंटाळा येतो. अशा क्रियापदाची आज्ञा करता येत नाही. ‘तुला आनंद होवो’ ही सदिच्छा झाली, ‘तुला आनंद हो’ हे मराठीच नाही. म्हणून भावनेबद्दल आज्ञा द्यायची वेळ आली की मराठी क्रियापद बदलते. राग येतो, पण ‘राग मानू नका’. विश्वास बसतो, पण ‘विश्वास ठेवा’. काळजी वाटते, पण ‘काळजी करू नका’. दुःख होतं, पण ‘इतकं दुःख करू नकोस’. ‘आनंद करा’ याच रांगेतलं आहे. फसलेलं भाषांतर मुळीच नाही.

मग खटकतं का? मला वाटतं, सवय नाही म्हणून. ‘दुःख करत बसलाय’ आपण सहज म्हणतो, ‘आनंद करत बसलाय’ असं कुणाबद्दल म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. आणि ‘सगळा आनंदीआनंद आहे’ म्हटलं की ऐकणारा कपाळाला हात लावतो!

हे वचन बायबलमधलं : येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या ‘फिलिप्पैकरांस पत्रा’तलं, अध्याय ४, वचन ४. मूळ ग्रीक शब्द ‘खायरेते’. ते साधं आज्ञार्थी क्रियापद आहे, आणि पुढच्याच शब्दांत पौल म्हणतो, पुन्हा म्हणेन, आनंद करा. चार अध्यायांच्या या पत्रात आनंदाच्या या शब्दकुळातले शब्द सोळा वेळा येतात, आणि लिहिणारा तेव्हा बंदिवासात आहे. त्याला तेव्हा काय ‘वाटत’ होतं ते पत्र फारसं सांगत नाही. काय करायचं ते सांगतं. याच फिलिप्पै शहरात पूर्वी त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं, आणि मध्यरात्री दोघं स्तुतिगीतं गात होते, बाकीचे कैदी ऐकत होते. ‘करा’ म्हणजे काय, हे त्या मंडळीला समजावून सांगायची गरज नव्हती.

मराठीत एक गोष्ट मात्र निसटते. आपलं ‘करा’ आदरार्थीही असतं. कार्ड एकाच माणसाला आलं तर वाचणारा ‘आपण आनंद करा’ असंच समजतो. ग्रीकमधलं अनेकवचन निखळ आहे : तुम्ही सगळे. पत्रात दोनच ओळी आधी पौल मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखे या दोघींना विनवतो आहे की एकचित्त व्हा, म्हणजे त्यांचं बिनसलं होतं. ती आज्ञा त्या दोघींनाही लागू. आता ती वाचून बघा, वेगळीच ऐकू येते.

कुणी सुचवतात की ‘आनंदी राहा’ म्हणावं. वाचायला सोपं, पण मला पटत नाही. ‘आनंदी’ हे स्वभावाचं विशेषण आहे. एखादा जन्मतः आनंदी असतो, एखादा नसतो. जो नाही त्याने काय करायचं? ‘करा’मध्ये त्यालाही जागा आहे. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात परीक्षांना तोंड देताना ‘आनंदच माना’ असं आहे. तेही क्रियापद नेमकं, कारण ‘मानणं’ हे मनाचं काम आहे, मनःस्थितीचं नाही.

याचा अर्थ शोकात बसलेल्या माणसाला हे वचन ऐकवावं असा होत नाही, आणि तसं ऐकवणारे भेटतात. रोमकरांस पत्रात त्याच पौलाने ‘आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा’ याला जोडूनच ‘शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा’ म्हटलं आहे. दोन्हीकडे ‘करा’. आपला मित्र लाजर वारला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला.

एक गंमत. हाच ‘खायरेते’ ग्रीकांचा भेटल्यावरचा नमस्कारही होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात, २८व्या अध्यायात, पुनरुत्थित येशू कबरेकडून धावत निघालेल्या स्त्रियांना भेटतो आणि पहिला शब्द हाच उच्चारतो. तिथे मराठीत ‘कल्याण असो’ आहे. योग्यच आहे, पण आनंद गेला तो गेलाच. त्याला इलाज नाही.

बाकी तुमच्या कार्डात एक चूक खरोखर आहे : ‘प्रभुमध्ये’ नव्हे, ‘प्रभूमध्ये’. भू दीर्घ.