कोर्स संपला, व्हिसा संपणार... मग परत पाठवतील का?

सप्टेंबर उजाडला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या फोनचा सूर एकच असतो. "मॅडम, कोर्स संपला. आता व्हिसाही संपणार. तेवढ्यात नोकरी नाही लागली तर परत पाठवतील का हो?" विचारणारे कधी नाशिकच्या गंगापूर रोडला राहणारे नोकरदार असतात, कधी निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार. मूल इंग्लंडला एक वर्षाच्या मास्टर्ससाठी गेलेलं, डोक्यावर शैक्षणिक कर्ज, आणि स्टुडंट व्हिसावरून वर्क व्हिसावर जायचं म्हणजे कोणत्या दिवशी नेमकं काय करायचं, हे घरात कुणालाच नीट ठाऊक नसतं. ठाऊक नसलं की माणूस वाईटातलं वाईट धरून चालतो. म्हणून एका कुटुंबाच्या निमित्तानं सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, नियम मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

मुलगी सिव्हिल इंजिनिअर. नाशिकला बी.ई., मग उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगची एम.एस्सी. वडिलांची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग. ऑगस्ट २०२५ मध्ये आईच्या आग्रहावरून ती व्हिडिओ कॉलवर आली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ आणि तिच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. झोप उडालेली, जेवण नावापुरतं.

"किती दिवस आहेत हातात?"

"महिनाच. १२ सप्टेंबरला सगळं संपतं."

"सगळं म्हणजे? कोर्स की व्हिसा?"

"एकच ना ते?"

एकच नव्हे, आणि बहुतेक मुलांची पहिली गाठ इथंच बसलेली असते. अभ्यासक्रम बारा महिन्यांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा कोर्स संपल्यानंतर आणखी चार महिने चालतो. तिला तिथल्या तिथं ई-व्हिसा उघडायला सांगितलं. शेवटची तारीख होती १२ जानेवारी २०२६. तिनं ती दोनदा वाचली. वर्षभर तिच्या फोनमध्ये असलेली तारीख तिनं कधी नीट पाहिलीच नव्हती, कारण भीती वाटते त्या गोष्टीकडे आपण पाहत नाही.

हे चार महिने कसे वापरायचे यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. स्टुडंट व्हिसावरून दोन वाटा निघतात. पहिली ग्रॅज्युएट व्हिसाची. त्यासाठी हातात नोकरी लागत नाही, पगाराची अट नाही, बँकेत पैसे दाखवावे लागत नाहीत. मास्टर्सवाल्यांना तो दोन वर्षांचा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी मात्र तो दीड वर्षाचा होणार आहे, पीएच.डी.वाल्यांची तीन वर्षं कायम आहेत. दुसरी वाट थेट स्किल्ड वर्कर व्हिसाची. त्यासाठी परवानाधारक कंपनी हवी, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसासाठी स्पॉन्सर करण्याचा सरकारी परवाना असलेली; तिनं त्या नोकरीसाठी दिलेलं स्पॉन्सरशिपचं पत्र, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप हवं, काम पदवीच्या पातळीचं हवं आणि पगार ठरलेल्या रकमेच्या वर हवा. २२ जुलै २०२५ पासून ही रक्कम वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना सवलत आहे: ३३,४०० पौंड किंवा त्या व्यवसायासाठी ठरलेल्या दराच्या ७० टक्के, यातलं जे जास्त असेल ते. पदाचं नाव कितीही भारदस्त असो, कंपनी ते सरकारी यादीतल्या कोणत्या व्यवसाय-कोडखाली दाखवते ते महत्त्वाचं. सिव्हिल इंजिनिअर बसतो, साइटवर कागदपत्रं सांभाळणारा बसत नाही.

मुलं या दोन्ही वाटांची सरमिसळ करतात. "जानेवारीपर्यंत स्पॉन्सर मिळालाच पाहिजे," ती म्हणाली.

"मिळालाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

"नाही मिळाला तर मी संपले ना, मॅडम."

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर माझा भर आहे, हे मी लपवत नाही. "मला हवंय" याचं "मिळालंच पाहिजे" झालं की साधी काळजी घाबरगुंडी होते, हे त्यांनी फार नेमकं दाखवलं. पण पोरीला सिद्धान्त सांगून उपयोग नसतो. मी एवढंच म्हटलं, "संपले म्हणजे काय होईल ते तारीखवार सांग. १३ जानेवारीला सकाळी उठलीस. कुठं आहेस?"

"घरी. पिंपळगावला."

"कोण काय बोलतंय?"

"आई रडेल. आजी म्हणेल, बरं झालं आली. बाबा..." ती थांबली. "बाबा काहीच बोलणार नाहीत. बागेत जातील. दिवसभर येणारच नाहीत घरी."

त्यानंतर ती बराच वेळ बोलली नाही, मीही मध्ये पडले नाही. मग तिनंच विचारलं, "मॅडम, मला व्हिसाची भीती कमी आणि बाबांची जास्त वाटतेय का?"

हा प्रश्न तिचा तिला पडणं हीच माझ्या लेखी सगळ्या सत्रांची कमाई. व्हिसाच्या चिंतेत बऱ्याचदा दोन चिंता एकमेकींत गुरफटलेल्या असतात, एक कागदांची आणि एक घरच्यांसमोर उभं राहण्याची. कागदाच्या चिंतेला उत्तर असतं, तारखेसकट असतं. दुसरीचं उत्तर होम ऑफिसकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ब्रिटिश गृहखात्याकडे नसतं, ते पिंपळगावलाच शोधावं लागतं. दोन्ही वेगळ्या केल्या की पहिली पुष्कळ हलकी होते.

वडिलांना बोलावलं. भले गृहस्थ. "रोज विचारतो तिला, लागली का नोकरी म्हणून. काळजीपोटीच विचारतो," म्हणाले. मी त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवून चार तारखा लिहिल्या: कोर्स संपण्याची, निकालाची, विद्यापीठ होम ऑफिसला कळवेल ती, आणि व्हिसा संपण्याची. तिसरीच्या आधी अर्ज होत नाही, चौथीच्या नंतरही होत नाही. ते कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या ऑक्टोबर छाटणीसारखं. छाटणीची तारीख धरायची आणि फवारणी, डिपिंग, काढणी सगळं तिथून दिवस मोजून. मधेच रोज घड बघून तो लवकर भरत नाही." माझ्यापेक्षा त्यांनीच ते चांगलं सांगितलं. त्यांना मी एकच काम दिलं: "नोकरी लागली का" हे विचारणं बंद करून "विद्यापीठानं कळवलं का" हे विचारायचं. मुलीला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला की फोन कापायची वेळ येत नाही.

आता कागदांकडे येते, कारण चुका इथंच होतात.

कामाचे तास. टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे आणि हा आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा ही सुट्टी नसते, डिझर्टेशनचा, म्हणजे शेवटच्या प्रबंधाचा काळ टर्ममध्येच धरला जातो. ही मुलगी एका सुपरमार्केटमध्ये काम करत होती आणि ऑगस्टमध्ये तिथल्या मॅनेजरनं ३५ तास देऊ केले होते. "सगळे करतात" म्हणून ती होकार देणार होती. तो होकार तिच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला नडला असता. कोर्स अधिकृतपणे संपल्यावर पूर्णवेळ काम चालतं, पण कायमस्वरूपी पूर्णवेळ पदावर रुजू व्हायचं तर आधी ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज दाखल झालेला हवा. स्वतःचा व्यवसाय स्टुडंट व्हिसावर सहसा चालत नाही.

निकाल. ग्रॅज्युएट व्हिसासाठी पदवीदान समारंभाची वाट पाहायची नसते. विद्यापीठानं अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचं होम ऑफिसला कळवलं की पुरे. पण ते कळवण्याआधी अर्ज केला तर तो नाकारला जातो आणि भरलेलं शुल्कही हातचं जातं. डिझर्टेशन पुन्हा सादर करायची वेळ आली तर हे वेळापत्रक कोलमडतं. अशा वेळी त्याच दिवशी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जायचं. तिथला सल्ला फुकट असतो आणि गावातल्या एजंटाच्या सल्ल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो.

पैसे. तिच्या वेळी, एप्रिल २०२५ च्या दरानं, अर्जाचे ८८० पौंड, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ म्हणजे दोन वर्षांचे २,०७०. एकूण २,९५० पौंड, आपले साडेतीन लाखांच्या आसपास, आणि तेही एकरकमी. पालकांना हा आकडा नोव्हेंबरात कळतो आणि धावपळ उडते. ऑगस्टमध्ये कळला तर सोय होते. दर बदलत असतात, म्हणून भरण्याच्या आधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं.

प्रवास. डिसेंबरात तिच्या चुलतभावाचं लग्न होतं. अर्ज करून निकाल येण्याआधी ब्रिटन-आयर्लंडच्या बाहेर पाऊल टाकलं तर अर्ज मागे घेतल्याचं धरतात. आईला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे," त्या म्हणत राहिल्या. मुलगी लग्नाला आली नाही. तिनं व्हिडिओ कॉलवर हळद पाहिली आणि तिकडे एकटीनंच रडली, तेही मला माहीत आहे. तरी निर्णय योग्यच होता.

मधल्या काळात एकानं तिच्या वडिलांना गाठलं: "पंधरा लाख द्या, स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट आणून देतो." नाशिक जिल्ह्यातल्या पालकांनी हे नीट वाचावं. सर्टिफिकेट विकत मिळत नाही. त्याचं शुल्क आणि स्पॉन्सर परवान्याचा खर्च कंपनीनंच सोसायचा असतो, कर्मचाऱ्याकडून वसूल करायला बंदी आहे. विकत घेतलेल्या सर्टिफिकेटमागे खरी नोकरी नसते. कंपनीचा परवाना गेला की मुलाच्या व्हिसाची मुदत कापून साधारण ६० दिवसांवर आणतात, आणि फसवणुकीत त्याचा हात ठरला तर दहा वर्षं प्रवेशबंदी. परवानाधारक कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकार जाहीर करतं, फुकट पाहता येते. नोकरीचा अर्ज करण्याआधी तिथं नाव शोधायचं, मगच वेळ घालवायचा.

नोकरीच्या अर्जांत एक प्रश्न हमखास असतो: आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का? ही मुलगी "नाही" अशी खूण करायची. मुलाखतीत खरं बाहेर आलं की संपलं. आम्ही एक छोटा मजकूर तयार केला: आज माझ्याकडे कामाचा हक्क आहे, ग्रॅज्युएट व्हिसा मिळाल्यावर दोन वर्षं स्पॉन्सरशिपशिवाय काम करू शकते, त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसा लागेल आणि मी नव्या पदवीधरांच्या सवलतीत बसते. "हो" अशी खूण, आणि सोबत हा मजकूर. बऱ्याच कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागालाही हे नियम पुरते ठाऊक नसतात, त्यामुळे उमेदवारानं चार ओळींत स्पष्ट सांगितलं तर त्यांचीही सोय होते.

अजून एक बाब फार कमी मुलं लक्षात घेतात. पगाराची ती सवलत एकूण चार वर्षांपुरतीच आहे आणि ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळही त्यातच मोजला जातो. दोन वर्षं निवांत काढली तर सवलतीची दोनच उरतात, पुढे पूर्ण पगाराची अट लागू होते. शिवाय कुणी ब्रिटनमध्येच राहून स्टुडंटवरून थेट स्किल्ड वर्करवर गेलं, तर कंपनीला कौशल्य शुल्क, म्हणजे परदेशी कर्मचारी स्पॉन्सर केल्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम, भरावं लागत नाही. ग्रॅज्युएटवरून गेलं तर भरावं लागतं, मोठ्या कंपनीला वर्षाला हजार पौंडांहून जास्त. म्हणजे त्या चार महिन्यांत चांगली ऑफर आली तर "आधी ग्रॅज्युएट व्हिसा घेऊ, मग बघू" असं म्हणणं तोट्याचं ठरू शकतं. ऑफर नसेल तर ग्रॅज्युएट व्हिसा हाच शहाणपणाचा मार्ग. तो एकदाच मिळतो, वाढवून मिळत नाही.

तिला तेवढ्यात ऑफर आली नाही. विद्यापीठानं नोव्हेंबरअखेर होम ऑफिसला कळवलं, १ डिसेंबरला तिनं अर्ज केला. जुना व्हिसा १२ जानेवारीला संपला तेव्हा निर्णय आलेला नव्हता. घरी पुन्हा घबराट. पण अर्ज मुदतीत असेल तर निर्णय लागेपर्यंत राहण्याचा आणि कामाचा हक्क चालू राहतो, हे आता वडिलांनीच आईला समजावलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दोन वर्षांचा व्हिसा आला. मार्चमध्ये एका परवानाधारक बांधकाम सल्लागार कंपनीत ती ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रुजू झाली.

वडील परवा ऑफिसला येऊन गेले, सोबत बेदाण्याचा पुडा. मुलीच्या कंपनीनं प्रोबेशन संपल्यावर स्पॉन्सरशिपचा विचार करू, असं ऑफर लेटरमध्येच लिहून दिलंय. ते पत्र त्यांनी दाखवलं आणि विचारलं, "मग हे बोलणं कधी काढायचं? शेवटच्या वर्षी?" मी म्हटलं, येत्या ऑक्टोबरातच. त्यांनी खिशातली डायरी काढून छाटणीच्या पानावर ते लिहून घेतलं.