खालचा जबडा पुढे असेल तर ‘सगळे दात येऊ द्या’ हे ऐकून थांबू नका

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. मुलगी आठ वर्षांची, तोंड मिटलं की खालचे पटाशीचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, डॉक्टर म्हणाले "सगळे कायमचे दात येऊ द्या, बारा-तेराव्या वर्षी क्लिप लावू", आणि घरचे म्हणतात आजोबांची हनुवटी घेतलीय, त्यात काय एवढं. यातलं प्रत्येक वाक्य माझ्या मुलाच्या वेळी आमच्या घरात बोललं गेलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही. मुलीला प्रत्यक्ष न बघता कोणीच काही ठामपणे सांगू शकत नाही, मी तर नाहीच. पण माझ्या दोन्ही मुलांना हाच त्रास, एकाला उपचार उशिरा आणि चुकीचा मिळाला, दुसरीला वेळेवर मिळाला, त्यामुळे फरक डोळ्यांनी बघितलाय. कीड आधी भरून घ्या, हिरड्या साफ ठेवा वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडून देते.

सगळ्यात आधी हे कळायला हवं की उलटा चावा एकाच कारणाने होत नाही. नीट चावा म्हणजे डब्यावर झाकण बसतं तसे वरचे दात खालच्यांना जरासे बाहेरून झाकतात. ते उलटं होतं तेव्हा कधी फक्त एखाददुसरा दात आत वळून आलेला असतो आणि जबडे ठीक असतात. कधी जबडे ठीक असतात, पण दात एकमेकांना अडतात म्हणून मूल चावताना खालचा जबडा पुढे सरकवतं आणि तीच सवय बसते. आणि कधी हाडांतच फरक असतो: वरचा जबडा मागे राहिलेला, किंवा खालचा जास्त वाढलेला, किंवा दोन्ही. आरशात तिन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगवेगळे.

घरी एक गोष्ट करून बघा. मुलीला आरामात बसवा, जिभेचं टोक टाळूवर जितकं मागे जाईल तितकं न्यायला सांगा आणि तसंच ठेवून हळूहळू तोंड मिटायला सांगा. पुढचे दात आधी कडेला कड टेकले आणि मग जबडा पुढे सरकला, तर सरकण्याचा भाग आहे, म्हणजे बातमी जरा बरी. सरळ मिटतानाच खालचे दात पुढे येत असतील तर हाडाचा भाग असण्याची शक्यता जास्त. यावरून निदान करू नका, पण डॉक्टरांना हे नक्की सांगा. चांगले ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणारे तज्ज्ञ, ही तपासणी स्वतःच करतात.

आता ‘थांबा’ या सल्ल्याबद्दल. तो सगळीकडे चुकीचा नाही, म्हणून तर माणूस फसतो. दात नुसते वेडेवाकडे असतील तर बारा-तेरापर्यंत थांबणं बहुतेक वेळा बरोबरच असतं. वरचे दात पुढे आलेले असतील तरीही आठव्या-नवव्या वर्षी घाई करून फारसं जास्त मिळत नाही. पडून पुढचे दात तुटण्याचा धोका कमी होतो, तेवढा फायदा खरा. एरवी वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हा ट्विन ब्लॉकसारखं काढता-घालता येणारं साधन लावलं की काम होतं. पण खालचा जबडा पुढे असेल तर हिशेब नेमका उलटा आहे. वरचा जबडा चेहऱ्याच्या बाकीच्या हाडांना ज्या सांध्यांनी जोडलेला असतो, ते सांधे लहानपणी ओढीला दाद देतात. साधारण दहाव्या वर्षापर्यंत फेसमास्क, म्हणजे चेहऱ्यावर बाहेरून लावायचं ओढ देणारं साधन, लावून वरचा जबडा पुढे आणता येतो, पुढे पुढे हाड कमी आणि दातच जास्त सरकतात. खालचा जबडा मात्र नंतरही वाढतच राहतो, मुलग्यांमध्ये तर अठरा-एकोणीसपर्यंतसुद्धा. म्हणजे बारापर्यंत थांबायचं तर जो जबडा हलवता आला असता त्याची वेळ गेलेली असते आणि जो थांबवता येत नाही त्याची खरी वाढ अजून व्हायची असते.

अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा म्हणते, ती यासाठीच. सातव्या वर्षी सगळ्यांना क्लिप लावा असा त्याचा अर्थ नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही त्याला एका मोठ्या डेंटल क्लिनिकमध्ये नेलं. मुद्दाम नाव लिहीत नाही. तिथे रोज बसणारे डॉक्टर साधे डेंटिस्ट होते आणि ऑर्थोडॉन्टिस्ट ‘व्हिजिटिंग’, ठरावीक शनिवारी येणारे. आम्हाला त्यांची भेट कधी मिळालीच नाही. दर सहा महिन्यांनी खुर्चीत बसवायचे, तोंडात आरसा फिरवायचे, "अजून दुधाच्या दाढा आहेत, येऊ द्या" म्हणायचे आणि तपासणी फी घ्यायचे. मी सरळ विचारलं होतं, हनुवटी पुढे दिसतेय, हे दातांचं आहे की हाडाचं? "लहान आहे हो, आत्ताच कशाला" हे उत्तर मिळालं. एवढी वर्षं गेली, पण लॅटरल सेफ, म्हणजे चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, एकदाही निघाला नाही. जबड्यांचा एकमेकांशी मेळ त्यातच मोजता येतो. आमच्या फाइलमध्ये फक्त ओपीजी, ज्यात सगळे दात समोर ओळीने पसरलेले दिसतात. त्यावरून वरचा जबडा मागे आहे की खालचा पुढे, हे कळत नाही.

इथपर्यंत नुसती दिरंगाई होती. खरं नुकसान त्यानंतर झालं. तेराव्या वर्षी त्यांनी खालच्या दोन उपदाढा काढल्या, एक डावीकडची, एक उजवीकडची, आणि त्या जागेत खालचे पुढचे दात मागे ओढले. वरचे बाहेर झुकवले. दीड-दोन वर्षांत समोरून चावा छान दिसायला लागला, क्लिप काढली, फोटो काढले. दात झुकवून हाडाचा फरक झाकायची ही पद्धत आहे, आणि वाढ पूर्ण झालेल्या माणसात फरक थोडा असेल तर ती चालतेही. पण ज्याचा आवाजही फुटला नव्हता अशा मुलाचा जबडा किती वाढणार हे कोणाला माहीत होतं? कोणी मोजलं होतं? पंधराव्या वर्षी त्याने उंची घेतली आणि जबडाही निघाला. आधी दात कडेला कड लागायला लागले आणि अकरावीत चावा पुन्हा उलटा झाला, पहिल्यापेक्षा जास्त.

मग आम्ही एका डेंटल कॉलेजच्या ऑर्थो विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी लॅटरल सेफ काढायला लावला आणि तो उजेडावर धरून मला समजावलं. खालचे पुढचे दात जिभेकडे कललेले, वरचे ओठाकडे झुकलेले. आता हाडाची शस्त्रक्रिया करायची तर आधी हे सगळे दात पुन्हा आपापल्या हाडावर सरळ उभे करायचे, कारण झुकलेल्या दातांमुळे जबडा हवा तेवढा हलवता येत नाही. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत जे केलं ते पुढच्या दोन वर्षांत उलटं करायचं. काढलेल्या उपदाढांची बंद झालेली जागा थोडी परत उघडावी लागली. आणि हे करताना चेहरा सुधारायच्या आधी आणखी बिघडतो, कारण दात सरळ झाले की जबड्यातलं खरं अंतर उघडं पडतं. हे सगळं बारावीच्या वर्षात. पोरगं फोटोत तोंडावर हात घ्यायला लागलं होतं. सात-आठव्या वर्षी एका एक्स-रेने जे कळलं असतं त्याची ही किंमत, आणि ती माझ्या मुलाने भरली. याचा राग मला अजून येतो.

पहिल्या क्लिनिकमध्ये दातांचे जुने साचे आणि एक्स-रे मागायला गेले तर "इतके जुने आम्ही ठेवत नाही". म्हणून सांगते, प्रत्येक एक्स-रे, प्रत्येक साचा, तोंडातले फोटो, सगळ्याची प्रत त्याच दिवशी मागा आणि मोबाइलमध्ये ठेवा. नंतर कोणी देत नाही.

शस्त्रक्रिया एकोणिसाव्या वर्षी झाली. तोपर्यंत थांबावंच लागलं, कारण काही महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन सेफ ताडून वाढ थांबल्याची खात्री झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही. वरचा जबडा पुढे घेतला, खालचा मागे. व्यवस्थित झालं, डॉक्टरांचे उपकार आहेत. पण कित्येक आठवडे पेज, वरणाचं पाणी आणि मिक्सरमधून काढलेली खिचडी, आणि खालच्या ओठाची बधिरता जायला बरेच महिने लागले. हनुवटीचा थोडा भाग अजून बधिर आहे. अशी बधिरता राहू शकते हे आधी सांगितलेलं असतं, तरी दाढी करताना कापलेलं कळत नाही म्हणतो तेव्हा जीव तुटतो.

धाकटीला हाच चावा दिसला तेव्हा आम्ही थेट ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेलो. तिला आठव्या वर्षी फेसमास्क लागला. तुमच्या मुलीला लागलाच तर काय असतं ते सांगते, कारण क्लिनिकमध्ये हे कोणी सांगत नाही. वर दाढांना चिकटवलेली एक पट्टी, मधोमध स्क्रू. तो बारीक किल्लीने तुम्हालाच घरी फिरवायचा, एका वेळी साधारण पाव मिलिमीटर. काही दिवसांत वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये मोठी फट पडते. घाबरू नका, टाळूचं हाड मधून रुंदावतंय याची ती खूण आहे, पुढे आपोआप बरीचशी बुजते. मग बाहेरून मास्क: कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक, मध्ये दांडी, आणि आतल्या हुकापासून दांडीपर्यंत दोन्ही बाजूंना रबर. दिवसाला बारा ते चौदा तास घालायचा. शाळेत नेत नाहीत, घरी आल्यावर आणि रात्रभर. उन्हाळ्यात हनुवटीखाली घाम साचून पुरळ येतं. आम्ही गादीवर सुती कापडाची घडी ठेवायचो आणि रोज धुवायचो. रबराची जादा पाकिटं आणि एक जादा गादी आधीच मागून ठेवा, सुट्टीत गावी गेल्यावर रबर संपलं की आठवडा वाया जातो.

तास पाळले तरच उपयोग आहे, नाही तर खर्च करूच नका. हे कठोर वाटेल, पण खरं आहे. आमच्याकडे कॅलेंडरवर रोजचे तास ती स्वतः लिहायची.

खात्री मात्र कोणी देत नाही. ब्रिटनमध्ये अशाच सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर चाचणी झाली होती. सहा वर्षांनी बघितलं तेव्हा फेसमास्क लावलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांना शस्त्रक्रिया लागेल असं तज्ज्ञांचं मत पडलं, काहीच न केलेल्यांत ६६ टक्के. म्हणजे मास्क लावूनही तिघांत एकाला चाकू चुकत नाही. तरी मला विचाराल तर मी दर वेळी मास्कच निवडेन. माझी मुलगी आता पंधराची आहे, चावा टिकून आहे, वाढ थांबेपर्यंत दर वर्षी तपासणी सुरू राहणार.

घरबसल्या साचा घेऊन अलाइनर, म्हणजे दातांवर बसवायची पारदर्शक खोळ, पाठवणाऱ्यांच्या जाहिराती येतात, त्यांच्या नादी लागू नका. अलाइनरने दात हलतात. आठ वर्षांच्या मुलीचा मागे राहिलेला जबडा त्याने पुढे येणार नाही. यूट्यूबवरचं जीभ टाळूला लावून जबडा बदलायचं फॅडही तसंच, त्याला भक्कम पुरावा नाही. तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर मात्र कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, तो वेगळा आणि खरा मुद्दा आहे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा आधी विचारा की ते ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) आहेत का, आणि उपचार तेच करणार की दुसरं कोणी. मग विचारा: दातांचं आहे की हाडाचं? वरचा मागे की खालचा पुढे? लॅटरल सेफमध्ये कशावरून ठरवलं? आत्ता थांबलो तर नेमकं कशासाठी थांबतोय? शेवटच्या प्रश्नाचं नीट उत्तर देऊन कोणी थांबायला सांगितलं तर थांबा, कारण कधी कधी तेही बरोबर असतं. आणि वाढ पूर्ण व्हायच्या आधी कोणी कायमचा दात काढायला सांगितला, खासकरून खालचा, तर दुसऱ्या ठिकाणी दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. याबाबत मी कोणाचंही ऐकणार नाही, मतभेद असतील तर असोत.

तुम्ही अमरावतीचे आहात म्हणता, तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय तुम्हाला जवळ. खर्च खाजगीपेक्षा खूपच कमी येतो आणि ऑर्थो व शस्त्रक्रिया दोन्ही विभाग एकाच आवारात असतात, एकमेकांशी बोलून ठरवतात. उपचार विद्यार्थी डॉक्टर करतात, पण वर प्राध्यापक असतात. वेळ जातो, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. मुलीचा आत्तापर्यंतचा ओपीजी सोबत न्या आणि आजोबांचा बाजूने काढलेला एखादा जुना फोटो असेल तर तोही. घराण्यात हे किती जोरात आहे ते डॉक्टर विचारतीलच.