डिझेलच्या टाकीत खाद्यतेल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जुन्या डिझेल गाडीत पाच लिटर सूर्यफूल तेल ओतून पाहिलं. गाडी नेहमीसारखीच चालली. मग लोक उगाच घाबरवतात का?

उत्तर: गाडी चालली यात नवल नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं होतं. ते इतकं सुरळीत चाललं की फार थोड्यांच्या ते लक्षात आलं, असं या इंजिनाचे जनक खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी नंतर सांगितलं.

बिघाड पहिल्या टाकीत दिसत नाही, म्हणूनच माणूस फसतो. ४० अंश सेल्सिअसला वनस्पती तेल डिझेलच्या जवळजवळ दहापट घट्ट असतं. इंजेक्टरमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा उडतो, तेलाचे मात्र जाड थेंब पडतात. ते पूर्ण जळायच्या आत सिलिंडरच्या भिंतीवर आपटतात. थोडं तेल काजळी होऊन बसतं आणि थोडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

असं चालवलेलं एक इंजिन मी स्वतः खोललं आहे. इंजेक्टरच्या नोझलच्या टोकावर काजळीची टणक टोपी बसली होती, नखाने खरवडून निघेना. पितळी ब्रशने घासल्यावर कळलं की चारपैकी एक भोक पार बुजलंय. पिस्टनची वरची रिंग तर खाचेत अशी चिकटली होती की बोटाने दाबून हलत नव्हती. मालकाची तक्रार एवढीच होती, ‘सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो.’

प्रश्न: माझी गाडी नवी, कॉमन रेलची आहे. डिझेलमध्ये थोडं तेल मिसळलं तर?

उत्तर: नको. अगदी थोडंसुद्धा नको. सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून इंधन देणाऱ्या या यंत्रणेत इंधनाचा दाब १६०० बारच्या वर जातो आणि नोझलची भोकं साधारण ०.१ मिलिमीटरची असतात. त्यात एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर साफ करण्यासाठी बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं इंधन सोडतात. त्यातलं जे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, त्याचा बराचसा भाग तापल्यावर उडून जातो. वनस्पती तेल उडत नाही, तिथेच साचतं आणि कालांतराने ऑइलचा चिकट गोळा करतं. वॉरंटी जाते ती वेगळीच.

प्रश्न: माझं इंजिन जुनं, प्रीचेंबरचं (इंधन आधी छोट्या कप्प्यात पेटतं तसं) आहे. दोन टाक्यांची पद्धत खरंच चालते का?

उत्तर: हो. तेल वापरायचंच असेल तर मी फक्त हीच पद्धत सुचवेन. एका टाकीत डिझेल, दुसरीत तेल. इंजिन डिझेलवरच सुरू करायचं. रेडिएटरच्या गरम पाण्यावर तेल तापवून ७०-८० अंशांपर्यंत न्यायचं आणि मगच व्हॉल्व्ह फिरवून तेलाची टाकी जोडायची. इतकं तापलं की तेल बरंच पातळ होतं, तरी डिझेलइतकं नाहीच. बंद करण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेलवर चालवायचं, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल उरत नाही. लोक चुकतात ते इथेच. घराजवळ आल्यावर कंटाळा करतात, आणि दुसऱ्या दिवशी गार, घट्ट तेलावर पंप फिरवतात. इंधनाचा पंप रोटरी प्रकारचा असेल तर त्याला वंगण इंधनाचंच असतं, त्यामुळे तो अशा वेळी लवकर जाम होतो. इनलाइन प्रकारचा पंप जास्त सोसतो. रोजची धाव पाच-सात किलोमीटरचीच असेल, तर तेल धड तापायच्या आत तुम्ही पोचलेले असता. मग हा खटाटोप करूच नका.

प्रश्न: कोणतं तेल चांगलं? आणि तळणीचं उरलेलं चालेल का?

उत्तर: जवसाचं तेल कधीच वापरू नका. हवा लागली की ते वाळून वार्निश होतं, म्हणूनच रंगकामात वापरतात. सूर्यफूल आणि सोयाबीन त्या मानाने बरे, पण त्यांचाही कल तिकडेच. खोबरेल आणि पाम तेल असं वाळत नाही. मात्र खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजतं, पाम तेल त्याहून गरम हवेतही दाटतं.

तळणीच्या तेलात पाणी, मीठ, कण आणि आम्ल असतं. आधी ते निदान आठवडाभर स्थिर ठेवा, तळाचा गाळ सोडून वरचं घ्या आणि बारीक फिल्टरमधून गाळा. पाणी ओळखायला तापलेल्या तव्यावर दोन-चार थेंब टाका, चेहरा लांब ठेवून. तडतडलं तर पाणी आहे. नळ्या तांब्याच्या वापरू नका, तांब्यामुळे तेल लवकर खवट होतं.

प्रश्न: त्यापेक्षा घरीच बायोडिझेल केलं तर?

उत्तर: इंधन म्हणून ते नुसत्या खाद्यतेलापेक्षा कितीतरी चांगलं. तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं की उरणारं इंधन घट्टपणात डिझेलच्या जवळ येतं. पण घरी करू नका, हे मी कळकळीने सांगतो. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. उत्प्रेरक म्हणून वापरतात तो कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. ईएन १४२१४ या युरोपीय मानकासारख्या मानकाचं तयार बायोडिझेल घ्या, आणि तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत परवानगी आहे तेवढंच मिसळा. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सील त्याने फुगतात, ते आधी बदलून घ्या.

प्रश्न: सहा महिने तेल मिसळून चालवली, आता धास्ती वाटते. काय करू?

उत्तर: आजच डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वाढली असेल, किंवा बोटांत धरल्यावर त्याची तार निघत असेल, तर गाडी सुरू करू नका. गॅरेजमध्ये ओढून न्या आणि ऑइल पॅन उघडून आत चिकटा साचलाय का ते पाहायला सांगा. ऑइल ठीक वाटलं तरी ते आणि त्याचा फिल्टर बदला. टाकी रिकामी करून डिझेल भरा, डिझेल फिल्टरही नवा टाका. मग इंजेक्टर काढून फवारा तपासायला सांगा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी भरलं, तर तिथली रिंग चिकटल्याची शंका धरा.