एक भाला की टिपऱ्यांचं कडं?

प्रश्न : मुलीकडे पर्थला आलो आहे. पूर्वेकडच्या डोंगरात, जाराच्या (निलगिरीच्या जातीच्या झाडांच्या) जंगलात काळ्या खोडाची आणि डोक्यावर गवताचा झुबका असलेली झाडं पाहिली. काहींवर एकच उंच भाला होता, तर काहींवर आखूड काठ्यांचं कडं. ही नर-मादी असतील का? ओळखायची कशी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नर-मादी नव्हेत, ही दोन निराळी झाडं आहेत. भाल्याचं ते झॅन्थोरिया, तिथल्या मूळ रहिवासी नूंगार लोकांचं ‘बल्गा’. ते आपल्या कोरफडीच्या कुळातलं. कड्याचं ते किंगिया, ते ताडमाडांना जवळचं. गवत यातलं एकही नाही!

पर्थला आल्यावर पहिली दोन वर्षं मी खोडावरून ओळखायला जायचो आणि चुकायचो. दोन्हींची खोडं जुन्या पानांच्या बुडख्यांनी मढलेली आणि वणव्याने काळवंडलेली. म्हणून आधी वर बघा. बल्ग्याच्या दांड्याचा वरचा भाग बाजरीच्या कणसासारखा भरगच्च असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात जवळ जाऊन पाहा : इवलीशी पांढरी फुलं, मधाने चिकट झालेली, मुंग्या-माश्यांची झुंबड. उत्तरेकडची, म्हणजे तिथल्या उन्हाच्या बाजूची फुलं बहुधा आधी उमलतात. किंगियाला मात्र ढोलाच्या टिपरांसारखे, टोकाला गोळा असलेले बरेच दांडे शेंड्याभोवती गोलाकार येतात.

दांडा नसेल तर खाली गळलेलं पान बोटांत फिरवून बघा. बल्ग्याच्या पानाच्या कडा बोटांना लागतात. किंगियाच्या कोवळ्या पानांवर रेशमी, चंदेरी लव असते. त्याच जंगलात खोडच नसलेलं, सडपातळ दांड्याचं झाड दिसलं तर ते बहुधा झॅन्थोरिया ग्रॅसिलिस. झॅन्थोरियाच्या सुमारे 30 जाती आहेत, सगळ्या फक्त ऑस्ट्रेलियातल्या. त्यामुळे फोटो काढताना जागा लिहून ठेवा आणि दांड्याचा उघडा भाग किती, फुलांचा किती, हेही टिपा. जात ठरवताना ते फार उपयोगी पडतं.

हिरवं पान मात्र ओढू नका. खोड वर्षाला जेमतेम 1-2 सेंटिमीटर वाढतं. माणसाच्या उंचीचं झाड शंभरीच्या आसपासचं किंवा त्याहूनही जुनं असू शकतं. आणि बुटांना चिखल ठेवू नका. फायटोफ्थोरा नावाचा, मुळं कुजवणारा रोग मातीतून पसरतो आणि त्याने बल्गे मरतात. काही वाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश ठेवलेले असतात. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तळवे नीट घासा.