पदवी जुन्या नावाची, नोकरी नव्या नावाने

प्रश्न : मी ट्रान्स पुरुष (जन्मावेळी नोंद मुलगी म्हणून झालेली), नाशिकला राहतो, बी.कॉम. झालंय. जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र मिळालंय, आधारवर नवं नाव आलंय, पण गुणपत्रिका सगळ्या जुन्या नावाच्या. दोनदा ऑफर आली आणि कागद तपासताना घोडं अडलं. रेझ्युमेवर कोणतं नाव टाकू? आणि कंपनी खरंच सामावून घेणारी आहे की नुसता जूनमध्ये, एलजीबीटी समुदायाच्या ‘प्राइड’ महिन्यात, लोगो इंद्रधनुषी रंगवते, हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर : रेझ्युमेवर आजचंच नाव टाका. अडतं ते पडताळणीत. कंपनीने कागद तपासायला नेमलेली एजन्सी नव्या नावाने विद्यापीठाला विचारते, तिथून ‘अशी नोंद नाही’ असं उत्तर येतं आणि तुमची खरी पदवी अहवालात संशयास्पद ठरते. म्हणून पडताळणीच्या फॉर्ममधला ‘पूर्वीचे नाव’ हा रकाना कोरा सोडू नका. ओळख प्रमाणपत्राची प्रत जोडा, नावबदलाचं राजपत्र असेल तर तेही. हे सगळं ऑफर लेटर आल्यावर, एचआरमधल्या एकाच व्यक्तीला, ईमेलने पाठवा. ‘ही माहिती टीममध्ये जाऊ नये’ हेही त्यातच लिहा. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये पोचतं.

दरम्यान पॅन, मग बँक खातं आधारशी जुळवून घ्या. आधी नोकरी केली असेल तर पीएफच्या यूएएनवरचं (कायमच्या खाते क्रमांकावरचं) नावही बदला, नाहीतर जुनी रक्कम काढताना अडेल. गुणपत्रिकांसाठी आधी दहावी-बारावीच्या मंडळाकडे जा. विद्यापीठ बहुधा शाळेच्या कागदांकडेच बोट दाखवतं. याला वेळ लागतो, तोवर अर्ज करणं थांबवू नका.

आता कंपनी. २०१९ चा ट्रान्सजेंडर हक्क संरक्षण कायदा खासगी आस्थापनांनाही लागू आहे. तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे आणि २०२० च्या नियमांनुसार समान संधी धोरण प्रसिद्ध करावं लागतं. एचआरला सरळ विचारा: धोरण पाठवाल का? तक्रार अधिकारी कोण? उत्तरादाखल नुसतं ‘आमच्याकडे सगळे समान’ ऐकू आलं, तर काय ते समजा. ईमेल आयडी आणि ओळखपत्र कोणत्या नावाने निघेल, स्वच्छतागृह कोणतं, हेही विचारा. बदलीची नोकरी असेल तर राहण्याचंही विचारा. २०१७ मध्ये कोची मेट्रोने ट्रान्स व्यक्तींना नोकऱ्या दिल्या, पण भाड्याने खोली मिळेना म्हणून काहींनी त्या सोडल्या.

प्रश्न : मी लेस्बियन आहे, पुण्यात आयटीत. मुलाखतीत सांगावं का?

उत्तर : सांगायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक गेला, पण लैंगिक कलावरून खासगी नोकरीत होणारा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा नाही. जो काही आधार आहे तो कंपनीच्या धोरणाचा. टाटा स्टीलसारख्या काही कंपन्या जोडीदारालाही सवलती देतात. तुमच्या कंपनीचं पाहायचं तर सही करण्यापूर्वी मेडिक्लेमची पूर्ण पुस्तिका मागून घ्या. ती कोणीही मागतं, त्यामुळे संशय येत नाही. ‘अवलंबित’च्या व्याख्येत ‘जोडीदार’ आहे की फक्त ‘पती/पत्नी’, आणि पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र मागितलंय का, एवढं बघा.